पहिल्या तासाची माती

४ मार्च

चिमणे,

पत्र नाही म्हणजे तू कामात आहेस, असं मी धरून चालतो. तुझा बाबाही वर्षातून एकदाच लिहायचा, तेही चार ओळी. पण मार्च लागला की टपालाने पत्र्याची एक छोटी डबी यायची. नांगराने वर्षाचं पहिलं तास घातलं, मातीत पहिली चर पाडली, की त्या तासातली चिमूटभर माती माझा हा धाकटा भाऊ मला पाठवायचा. पंचवीस वर्षांत एकदा चुकला नाही. त्या सगळ्या डब्या माझ्या खिडकीत ओळीने मांडल्या आहेत, प्रत्येकीवर साल. गेल्या वर्षीची जागा रिकामी आहे. तो नुकताच गेला होता, तुझं मन कुठे थाऱ्यावर असणार, म्हणून मी काही विचारलं नाही. यंदा मात्र जिन्यावर पावलं वाजली की मी टपालवाला समजून दार उघडतो, आणि दारात वरच्या मजल्यावरचे आमचे जावई असतात.

हसू नकोस. चाळीस वर्षं मी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, त्यातली निम्मी पुस्तकं शाळेची. तिसरीच्या पुस्तकात नांगरणीची एक कविता होती. तिच्या सोळा आवृत्त्या माझ्या हातून गेल्या, सगळ्या उलट्या अक्षरांत. अजून डोळे मिटले की ओल्या मातीची ती काळी रेघ उलगडत जाते आणि मागून पाखरं उतरतात. सोळाव्या वर्षी मी घर सोडलं. माझ्या वाट्याला रान आलं ते एवढंच, खिडकीतल्या डब्या आणि ती कविता.

बरं, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. तुमच्याकडचं दूध शहरात आणणारा टँकरवाला आमच्या कोपऱ्यावर चहाला थांबतो. परवा म्हणाला, "तुमच्या पुतणीचं उताराचं रान पिवळंधमक पडलंय. वाळलं का जाळलं, कळत नाही." मी म्हटलं, नांगरणीच्या आधी तसं दिसत असेल. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "नांगर? मला तर कुठे दिसला नाही."

तसं काही नसेलच. तरी दोन ओळी लिही.

तुझा काका

१५ मार्च

काका,

टँकरवाल्याला माझा निरोप सांगा, नळी जोडताना मान रानाकडे न ठेवता दुधाकडे ठेवत जा. परवा अर्धी बादली अंगणात सांडून गेला आणि वर मलाच म्हणाला, "ताई, तुमचं अंगण उतरतं आहे."

रान पिवळं पडलं ते खरं. उतारावरचं जुनं गवत म्हातारं झालं होतं आणि त्यात रुंद पानांचं तण माजलं होतं. गाई तोंड लावत नव्हत्या. मग बावीस गाई सोडून ते बुडख्यापर्यंत चारून घेतलं, पुन्हा जरा फुटू दिलं आणि फवारलं. आता मरून पडलं आहे. पुढच्या महिन्यात त्या जागी नवं चाऱ्याचं गवत येईल. कुणी जाळलं नाही, कुणी शाप दिला नाही.

आई गुडघे धरून बसते, पण तोंड ठणठणीत आहे. तिने तुम्हाला आठवणीने विचारलं आहे. बाकी कामं नेहमीसारखी चालू.

माती सोबत पाठवते आहे. उताराच्या रानातलीच आहे, अगदी मधोमधची. मी स्वतः काढली.

तुमची चिमणी

२७ मार्च

चिमणे,

डबी आली. मी ती उघडली आणि बराच वेळ तशीच हातात धरून बसलो.

आपल्या रानाची माती मला ठाऊक आहे. ती तांबूस असते. वाळली की तिचं ढेकूळ विटेसारखं होतं, नखाने खरवडलं तर धूळ पडते. तू पाठवलीस ती काळसर आहे, चहाच्या भुकटीसारखी दाणेदार. तिच्यात केसांसारखी मुळं आहेत. वास येतो तो दाट झाडीतल्या पाचोळ्याचा. आणि वर एक जिवंत गांडूळ निघालं, ते मी कुंडीत सोडलं.

मन मानेना म्हणून दोन पेल्यांत पाणी घेतलं. एकात तुझ्या बाबाच्या शेवटच्या डबीतला खडा टाकला, दुसऱ्यात तुझा. त्याचा खडा बघता बघता विरघळला आणि पाणी गढूळ झालं. तुझा खडा संध्याकाळपर्यंत तसाच बसून होता, वर पाणी नितळ. एकाच रानाची माती अशी दोन तऱ्हांनी वागते का? मी मागच्या पंचवीसही डब्या काढून पाहिल्या. सगळ्या एका घरच्या वाटतात, ही एकटी परकी.

आणखी एक. मी प्रुफं वाचलेला माणूस आहे. छापलेल्याआधी मला गळलेलं दिसतं. तुझ्या पत्रात गाई आहेत, फवारा आहे, तुझ्या आईचे गुडघे आहेत. नांगर कुठेही नाही. माती 'काढली' म्हणतेस, कशाने ते लिहीत नाहीस. टँकरवाला सांगतो की तुमच्या छपरीतही नांगर उभा नसतो.

रान आपल्याकडेच आहे ना? कुणाला देऊन तर बसली नाहीस?

आमच्या वडिलांनी केलेला कागद तूही वाचला आहेस. रान दोघा भावांच्या नावे, कसायचं धाकट्याने आणि त्याच्या मुलाबाळांनी. पण सातवं कलम असं आहे: 'ज्याचा नांगर तीन वसंत थांबेल, त्याचा हक्क त्या मातीत थांबेल.' मग थोरल्याने रान ताब्यात घ्यायचं. केवळ आठवण म्हणून लिहितो आहे. मनात दुसरं काही नाही.

तुझा काका

२ एप्रिल

काका,

सातवं कलम कधी बाहेर निघतंय याचीच मी वाट बघत होते.

'केवळ आठवण म्हणून' म्हणता, तर मीही एक आठवण करून देते. मागच्या महिन्याच्या आठ तारखेला तुमचे जावई इथे आले होते. बरोबर दोन माणसं आणि एक लांब फीत. मी गोठ्यात होते. बाहेर येऊन बघते तर तिघं बांधावर उभे. एक जण म्हणत होता, "गोदामाला रस्त्याकडची बाजू बरी पडेल." मी विचारलं, "काय मोजताय?" तर तुमचे जावई हसून म्हणाले, "सासऱ्यांना हवापालटासाठी जागा बघतोय." हवापालटाला फीत कशाला लागते ते मी विचारलं नाही. पाहुण्यांना तोंडावर खोटं पाडू नये, असं आईने शिकवलं आहे.

चार तारखेला तुमचं पत्र, आठ तारखेला फीत, सत्तावीस तारखेला कलम. मी खिळे जुळवत नसले तरी एवढी ओळ मलाही जुळवता येते.

आणि त्या कलमाबद्दल माझ्या मनात फार दिवस काहीतरी खुपतं आहे. बाकीची सहा कलमं आजोबांची आहेत. विहिरीचं पाणी कुणी किती दिवस घ्यायचं, कुंपणाची तार कुणी ओढायची, जनावरांची वाट अडवायची नाही. सातवं वाचताना मात्र हाताची घडी घालून बाकाजवळ उभं राहावंसं वाटतं. वसंत? आजोबा आयुष्यात कधी वसंत म्हणाले होते का? ते 'उन्हाळ्याच्या आधी' म्हणायचे. हे कलम त्यांच्या तोंडचं नाही. कुणाच्या तोंडचं, ते तुम्हाला ठाऊक असेल.

रान विकलेलं नाही, कुणाला दिलेलं नाही. माती त्याच रानातली आहे. याहून जास्त मी लेखी देणार नाही. नांगर कुठे आहे ते माझं मी बघेन.

आपली पुतणी

९ एप्रिल

चिमणे,

'आपली पुतणी' एवढ्या दोन शब्दांवर माझी सबंध दुपार गेली. शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

जावयांना विचारलं. म्हणाले, "सहज गेलो होतो, वाटेत होतं." ते रान कुणाच्याच वाटेत नाही, एवढं मलाही कळतं. मी तसं म्हटल्यावर ते मोबाइल बघू लागले. सातव्या कलमाचं त्यांना मीच सांगितलं, हे कबूल करतो. थंडीत एका दुपारी जुन्या गोष्टी निघाल्या. मी वडिलांबद्दल, विहिरीबद्दल, धाकट्याच्या शिट्टीबद्दल बोलत होतो आणि ते नुसतं 'हं, हं' करत होते. कलमाशी आलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. मला वाटलं, ओळ आवडली.

पण त्यांना मोजायला मी पाठवलं नाही. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तू ठरव. माझ्यावर आज कुणीही सहज विश्वास ठेवावा अशी माझी पत्रं नाहीत, तेही खरं.

कलम कुणाच्या तोंडचं, हे आत्ता नको.

एकच विचारतो, सरळ. रान नांगरलं जातं की नाही? हो म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही. नाही म्हणालीस तर मी काय करेन, ते मला आज माहीत नाही. गोड लिहिलं असतं, पण ते खोटं झालं असतं.

काका

२० एप्रिल

काका,

नाही.

हा एक शब्द लिहून कागद तीन दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवला होता. आज बाकीचं लिहिते आहे.

रान पाच वर्षं नांगरलेलं नाही. त्यातली पहिली चार वर्षं बाबांची. सहा वर्षांपूर्वी त्यांनी उतार नांगरून ठेवला आणि आठवड्यात आभाळ फुटल्यासारखा पाऊस झाला. सकाळी वरच्या अंगाला जमिनीच्या पोटातले दगड दिसत होते आणि रान खालच्या ओढ्यात होतं. बाबांनी ती माती ओढ्यातून फावड्याने उपसून ट्रॉलीत भरली आणि वर नेऊन पसरली. अकरा दिवस. बाराव्या दिवशी पुन्हा पाऊस झाला. त्यांनी फावडं धुऊन ठेवलं. जेवताना एवढंच म्हणाले, "आता बास."

पुढच्या वर्षी ते चकत्यांचं पेरणीयंत्र घेऊन आले. त्याला फाळ नसतो. धारदार चकती जमिनीत नुसती चीर पाडते, नळीतून बी त्या चिरेत पडतं, मागचं चाक चीर दाबून बंद करतं. माती उलटत नाही. जुन्या गवताची मुळं मेली तरी आत तशीच राहतात आणि मातीला धरून ठेवतात. वरचं वाळलेलं गवत पावसाचा मार खातं. बी मात्र फार खोल गेलं की संपलं, अर्ध्या नखाएवढंच हवं. शिवाय त्या वाळलेल्या गवताखाली गोगलगाई माजतात आणि कोवळे कोंब रातोरात कुरतडतात. पहिल्या वर्षी अर्धं रान त्यांनीच खाल्लं. बाबा सकाळी बादली घेऊन गोगलगाई वेचायचे आणि आई म्हणायची, "बरं झालं, लग्नाआधी हे बघितलं नाही."

तिसऱ्या वर्षापासून रान बदललं. ओल्या दिवसांत गाई सोडल्या तर पूर्वी खुरांनी राडा व्हायचा, तो थांबला. माती काळी पडू लागली. तुम्हाला परकी वाटली ती हीच.

आता जे सांगायचं नव्हतं ते. बाबांच्या शेवटच्या चार डब्या रानातल्या नव्हत्या. त्यांना सातवं कलम ठाऊक होतं. मार्च आला की ते परसातल्या भाजीच्या वाफ्यात जायचे. तो ते दर वर्षी कुदळीने खणायचे, म्हणून त्याची माती जुन्या रानासारखीच राहिली होती, तांबूस, ढेकळांची. तिथली चिमूट डबीत भरायचे. मी एकदा म्हटलं, "बाबा, काकांना सरळ कळवा ना." ते म्हणाले, "त्याला नांगर फार आवडतो गं." आणि झाकण लावलं. ते भीतीने म्हणाले की मायेने, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

यंदा डबी भरताना मीही वाफ्यापर्यंत गेले होते. मग वाटलं, हे आता पुरे. फावडं घेऊन उताराच्या मध्यावर गेले आणि तिथली माती काढली. सहा वर्षांनी तुमच्याकडे रानाची खरी माती आली, काका, आणि तुम्ही तिलाच खोटी म्हणालात.

नांगर गोठ्यामागे आहे. पत्र्यांनी मीच झाकला, कारण टँकरवाल्याची मान फार फिरते.

दहा तारखेला नवं गवत पेरलं. आता हे पत्र तुमच्या हातात आहे. जावयांना वाचून दाखवलंत तर त्यांना पुन्हा फीत आणायची गरज नाही. बावीस गाई या उतारावर जगतात आणि आम्ही दोघी त्या गाईंवर. रान गेलं तर कुठे जायचं, याचा विचार मी करून बघितला. सुचलं काही नाही.

चिमणी

१८ मे

काका,

महिना झाला, उत्तर नाही. रोज अंगणात गाडी वाजली की मी आधी नंबर बघते.

मंगळवारी पावसाची सर येऊन गेल्यावर उताराच्या रानात टोपी घातलेला एक माणूस फिरत होता. आईला खिडकीतून दिसला. आधी तो खालच्या ओढ्याशी उकिडवा बसला. मग चढावर आला, गवतात गुडघ्यांवर टेकला आणि हाताने काहीतरी ओढू लागला. आई म्हणाली, "मोजणीचा असेल, खुंट्या ठोकतोय." मी काठी घेऊन निघाले, पण पोचेपर्यंत तो रस्त्याला लागला होता. खुंट्या कुठे नव्हत्या. दुधाचा टँकर वळणावर उभा होता, त्यात तो चढला.

टँकरवाल्याला आज धरलं. जन्मात पहिल्यांदा तो काहीच बोलला नाही.

तुम्ही होतात का? आणि होतात, तर घरात का आला नाहीत?

चिमणी

२६ मे

चिमणे,

मीच होतो. टँकरवाल्याला शपथ घातली होती. चहाच्या चार कपांवर ती टिकली, हे ऐकून त्याच्याबद्दल आदर वाढला.

तुझ्या पत्राची खात्री करायला आलो होतो. माझा विश्वास बसला नव्हता, हे स्पष्टच लिहितो. मला वाटलं, रान विकलं गेलंय, आणि हुशार मुलीने गोष्ट छान रचली आहे. म्हणून न कळवता आलो.

आधी ओढा पाहिला. माझ्या लहानपणी पाऊस पडला की त्याचं पाणी विटकरी व्हायचं, आम्ही भाऊ त्यात पाय बुडवून लाल मोजे घातले म्हणायचो. मंगळवारी सर येऊन तास झाला नव्हता आणि तळाचे खडे मोजता येत होते. मग वर चढलो. मेलेल्या गवताचा फिकट कागद पसरलेला, आणि त्यावर हिरव्या बारीक ओळी, सरळ, सारख्या अंतराच्या. मी आयुष्यभर जुळवल्या त्या ओळी कागदावर होत्या. या मातीत जुळवलेल्या होत्या, मी पाहतच राहिलो. टँकरवाला म्हणाला होता की नवं गवत गाईंना कधी द्यायचं ते मूठभर धरून ओढून ठरवतात, मुळासकट आलं तर थांबायचं. मी ओढलं. पाती तुटली, मूळ हललं नाही. माझ्या हाताला वास राहिला.

तेवढ्यात तू परसात दिसलीस. वाफ्यात वाकून काहीतरी खुरपत होतीस. त्या वाफ्याकडे बघून माझे पाय पुढे गेले नाहीत. का, ते आता सांगतो. तू विचारलं होतंस आणि मी टाळलं होतं.

सातवं कलम माझं आहे.

चोवीस वर्षांचा होतो. वडिलांनी पत्र लिहून विचारलं, कागदात काय काय घालावं, तू शिकलेला आहेस. त्या आठवड्यात मी नांगरणीच्या कवितेची नवी आवृत्ती जुळवत होतो. कान तिच्याच चालीत होते. धाकटा तेव्हा बांधावर बसून शिट्ट्या घालायचा, आणि मला शहरातल्या खोलीत, शिशाच्या वासात, ती शिट्टी ऐकू यायची. मला रान नको होतं. पण ते पुरतं त्याचं होऊ नये, असंही वाटत होतं. मग ती ओळ सुचली. वाचून मीच खूश झालो. वडिलांनाही ती इतकी भारदस्त वाटली की त्यांनी जशीच्या तशी उतरवून घेतली. धाकट्याला मी कधी सांगितलं नाही. त्याला वाटत राहिलं, बापाने आपल्यावर अविश्वास दाखवला.

माझ्या एका ओळीसाठी तो अकरा दिवस माती वाहत राहिला असेल, नांगर लवकर सोडला नसेल. आणि सोडला तेव्हा पुढची चार वर्षं परसात लपून डब्या भरत राहिला. मी त्या डब्या खिडकीत मांडून पाहुण्यांना दाखवत राहिलो.

सोबत कागद आहे. त्याचे मी आधी तीन मसुदे केले. नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने पहिला वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. म्हणाला, "आजोबा, 'हिरवी शाश्वती' म्हणजे नक्की किती क्षेत्र?" दुसऱ्यावर म्हणाला, "याचे कोर्टात दोन अर्थ निघतील." तिसरा त्याने वाचलाच नाही. शेवटी त्याने सांगितलं तसं लिहिलं. सातवं कलम रद्द. रान कसणाऱ्याने जसं जमेल तसं कसावं, थोरल्याचा आणि त्याच्या वारसांचा ताब्याचा हक्क राहणार नाही. खाली माझी सही, मुलीची सही. साक्षीदार दोन, त्यातला एक टँकरवाला. त्याने अंगठ्याएवढ्या मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं.

मुलीला आधी सगळं सांगितलं होतं. तिने वाचलं, सही केली, म्हणाली, "बरं केलंत, बाबा." त्या दिवशी जावयांच्या चहात साखर नव्हती. ते तसाच प्यायले.

माफी मागत नाही. ज्याची मागायची तो नाही, आणि तुझ्याकडे मागितली तर तुला 'असू द्या' म्हणावं लागेल. ते मला नको.

काका

११ जून

काका,

रागावू नका, पण कागद आला त्या दिवशी मी तुम्हाला लिहिलं नाही. आधी वकिलाकडे गेले. त्याने शिक्का बघितला, तुमची सही जुन्या कागदाशी ताडली, पानं मोजली, एक पान उजेडाकडे धरूनही बघितलं. म्हणाला, "स्वच्छ आहे." मी म्हटलं, "पुन्हा बघा." त्याने पुन्हा बघितलं. मग मूळ नोंद बघायला आम्ही कचेरीतही जाऊन आलो. तुमचा तो कारकून मला म्हणाला, "हिरवी शाश्वतीवाल्यांच्या तुम्ही कोण?" तेव्हा माझा विश्वास बसला.

आईला वाचून दाखवलं. तिने तुमच्या पत्रातली शिट्टीची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "त्यांची शिट्टी एवढी लांब ऐकू जायची?" आणि आत गेली.

'असू द्या' मी म्हणणार नाही. बाबा मार्चमध्ये वाफ्यात वाकायचे ते मी चार वर्षं बघितलं आहे. ते एका कागदाने जात नाही. पण मी खोटं बोलले नाही तरी खरंही दडवून ठेवलं, तेही तुमच्या हिशेबात धरा.

उताराचं गवत मागच्या आठवड्यात गाईंना दिलं. आधी थोडा वेळच सोडल्या, शेंडे खाऊ दिले आणि बाहेर काढल्या. एकही बुडखा उपटला गेला नाही.

आता कामाचं. सप्टेंबरमध्ये खालचं रान असंच पेरायचं आहे. पेरणीयंत्राला अठरा नळ्या आहेत. एखादीत ओलसर बी अडकतं किंवा मातीचा गोळा बसतो, आणि चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही, कारण त्याची नजर समोर असते. चीर पडते, चाक दाबतं, सगळं व्यवस्थित दिसतं. तीन आठवड्यांनी कळतं की एक ओळ रिकामीच गेली. बाबा असताना मी चालवायचे आणि ते मागून चालायचे. गेल्या वर्षी मागे कुणी नव्हतं, तर उतारावर जुन्या गवतातच पेरलेल्या बियाच्या सलग दोन ओळी उगवल्याच नाहीत.

मागून चालणाऱ्याने एकाही नळीवर भरवसा ठेवायचा नसतो. दर दहा पावलांवर वाकायचं, चीर बोटाने उकरायची, बी खरंच पडलं आहे का आणि अर्ध्या नखाएवढंच खोल आहे का ते डोळ्यांनी बघायचं. दिसलं तरी पुढच्या नळीवर पुन्हा संशय घ्यायचा. परवा यंत्र तपासायला बाहेर काढलं तेव्हा टँकरवाल्याला मागे चालायला लावून बघितलं, तर तो पहिल्या फेरीतच म्हणाला, "सगळं ठीक दिसतंय, ताई." असा माणूस मला चालणार नाही.

सप्टेंबरच्या बारा तारखेच्या आसपास या. जाड तळाचे बूट आणा.

चिमणी